दारू सोडणाऱ्यांच्या सभेत काय चालते?



ह्या लेखाखाली माझे नाव नाही. ते का नाही, हे पुढे ओघात येईलच. एवढेच सांगते की मी ऐंशीच्या घरातली आहे, भायखळ्याला लहानाची मोठी झाले, १९७१ साली यजमान आणि दोन लहान मुलांसह आलिया केली आणि तेव्हापासून दक्षिणेतल्या एका गावी राहते.

गेल्या हिवाळ्यात आपल्यापैकीच एका घरी शिव्हाला गेले होते. गेलेला गृहस्थ साठी ओलांडलेला, हसतमुख, मलिद्याच्या तयारीला सर्वांच्या आधी हजर असणारा. नव्याने आलेले कोणी "काय झालं हो?" असे विचारी आणि घरची मंडळी म्हणत, "हार्ट." खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते की दारूने त्याचे यकृत संपले होते, पोटात पाणी भरत होते आणि शेवटचे काही महिने तो अंथरुणातून उठला नव्हता. तरी सगळे "हार्ट, हार्ट" म्हणून मान डोलवीत होते. मीही डोलावली. घरी परतताना मला स्वतःचाच राग आला, कारण ह्या विषयात गप्प राहण्याचा अधिकार मला तरी नाही.

आमचे हे इथे आल्यापासून जवळजवळ पंचवीस वर्षे प्याले आणि त्यानंतर जाईपर्यंत एकोणीस वर्षे प्याले नाहीत. पिण्याच्या वर्षांत मी काय केले? कारखान्यात फोन करून "त्यांना ताप आहे" असे सांगितले. रिकाम्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन इमारती सोडून तिसऱ्या इमारतीच्या कचऱ्यात टाकल्या. मुलाच्या बार मित्सवाला ते खुर्चीसकट पडले तेव्हा "बी.पी. आहे त्यांना" असे मीच पुढे होऊन सर्वांना सांगितले. मला वाटे, मी घराची अब्रू राखते आहे.

तोरातली नोहाची गोष्ट आपल्या सर्वांना पाठ आहे. जलप्रलयानंतर नोहाने द्राक्षमळा लावला, तो प्याला आणि तंबूत उघडा पडला. हामने बाहेर जाऊन सांगितले. शेम आणि याफेथ पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी बापावर वस्त्र घातले. ह्यातून आपण एवढेच शिकलो की घरच्या पिणाऱ्यावर पांघरूण घालावे. पण नीट पाहा. मुलांनी बापाची लाज झाकली. "बाबा प्यालेच नाहीत, त्यांना ताप आहे," असे ते कोणाला म्हणाले नाहीत. आणि शुद्धीवर आल्यावर नोहाला काय घडले ते कळले, असेही तिथेच लिहिले आहे. माझ्या घरी सकाळ झाली की काल रात्री काय घडले ते मी ह्यांनाही कळू देत नसे. फुटलेला ग्लास ते उठायच्या आधी मी झाडून ठेवलेला असे.

ज्या सभांविषयी मी लिहिते आहे, तिथे माणसाचे नाव झाकतात आणि आजार उघडा करतात. मी घरात नेमके उलट करत होते.

ह्या सभांना जगभर अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणतात, थोडक्यात ए.ए. आपल्या इथे हिब्रूत अल्कोहोलिस्तिम अनोनिमिम. महाराष्ट्रातल्या सभांत ह्या आजाराला 'मद्यपाश' हा शब्द वापरतात आणि मला तो फार पटतो. पाश ज्याच्या गळ्यात पडला आहे त्याला लांबून "सोडव की गाठ" असे सांगून भागत नाही.

ह्या सभा कशा सुरू झाल्या ते थोडे सविस्तर सांगते, कारण त्यांची तत्त्वे त्या हकिकतीतूनच निघाली आहेत. न्यू यॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातला मनुष्य. दारूपायी त्याचा धंदा, पैसा, प्रकृती सगळे गेले. इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या. डिसेंबर १९३४ मध्ये तो शेवटचा इस्पितळात गेला, आणि बाहेर आल्यावर इतर पिणाऱ्यांना सुधारायला निघाला. पाच महिने त्याने उपदेश केला. एकाचीही दारू सुटली नाही. तो निराश झाला तेव्हा त्याची बायको लोइस हिने त्याच्या लक्षात आणून दिले की ह्या पाच महिन्यांत एक माणूस मात्र प्यालेला नाही, आणि तो म्हणजे तो स्वतः.

मे १९३५ मध्ये एका व्यवहारासाठी बिल ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन ह्या टायरच्या कारखान्यांच्या शहरी गेला. व्यवहार फिसकटला. हॉटेलात एका बाजूने बारमधला हशा ऐकू येत होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. आपण आता पिणार हे त्याला कळले, आणि आपल्याला ह्या क्षणी दुसरा एक पिणारा भेटला पाहिजे हेही कळले. त्याला वाचवायला नव्हे, स्वतः वाचायला. त्याने तिथल्या धर्मगुरूंना फोन लावले आणि विचारपूस करत करत दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ ह्या सर्जनशी त्याची गाठ पडली. डॉक्टर आदल्या दिवशीच्या पिण्याने बेजार होता. फक्त पंधरा मिनिटे बसायचे असे ठरवून आला आणि दोघे सहा तासांहून अधिक बसले. बिलने ह्या वेळी उपदेश केला नाही, स्वतःचे काय झाले तेवढे सांगितले. दारू शरीराचे काय करते हे डॉक्टरला कोणी शिकवायची गरज नव्हतीच. ती सोसलेला माणूस मात्र त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

जूनमध्ये डॉक्टर एका परिषदेला गेला आणि पुन्हा प्याला. परतला तेव्हा एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात कापत होते. ते स्थिर व्हावेत म्हणून त्या सकाळी खुद्द बिलने त्याला एक बिअर दिली. ती डॉक्टरची शेवटची. तो दिवस १० जून १९३५ मानतात आणि तोच ए.ए.चा जन्मदिवस. पुढे दोघे मिळून इस्पितळात पडलेल्या एका वकिलाला भेटायला गेले, आणि तो तिसरा झाला. डॉक्टर बॉब १९५० साली वारला, बिल १९७१ साली. दोघेही अखेरपर्यंत पुन्हा प्याले नाहीत.

पिणाऱ्याचे पिणारा ऐकतो. बायकोचे ऐकत नाही, आईचे ऐकत नाही, डॉक्टरचे ऐकून घरी येतो आणि पितो. त्यात आपला अपमान मानू नये. मी तो वर्षानुवर्षे मानला.

आता सभा. १९९४ च्या सुक्कोतनंतर कुपत होलीममधल्या एका नर्सच्या सांगण्यावरून आम्ही दोघे शेजारच्या शहरात गेलो. काही सभा केवळ पिणाऱ्यांसाठी असतात आणि काही खुल्या, म्हणजे घरचे कोणी सोबत बसू शकते. आमची खुली होती. एका मोआदोनची मागची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काचेच्या ग्लासांत चहा, बशीत बिस्किटे. भिंतीवर बारा पायऱ्या लिहिलेला कागद. आपल्या समाजाचे आम्ही दोघेच. मला वाटले होते, कोणी डॉक्टर किंवा अधिकारी येऊन भाषण करील. तसे कोणीच नव्हते. एक मोरोक्कन बस ड्रायव्हर, एक रशियाहून आलेला इंजिनियर, मोत्यांची कुडी घातलेली किबुत्झची एक आजीबाई. त्यांच्यापैकीच एकाने सभा चालवली, आणि पुढच्या महिन्यात दुसरा चालवणार होता. मिनयानला दहा लागतात; इथे दोन जमले की सभा.

प्रत्येकाने फक्त पहिले नाव सांगितले, आपण अल्कोहोलिक आहोत असे म्हटले आणि आपली हकिकत सांगितली: पीत होतो तेव्हा कसा होतो, काय घडले, आता कसा आहे. मध्ये कोणी बोलायचे नाही, नंतर सल्ला द्यायचा नाही. आपल्या लोकांना हे फार कठीण जाते हो. आपल्याकडे कोणी गुडघा दुखतो म्हणाला की तिघे तेल सांगतात. तिथे माणूस बोलून थांबला की बाकीचे आभार मानतात आणि पुढचा बोलतो. पहिल्यांदा मला हे कोरडे वाटले. पुढे कळले की ज्याला आयुष्यभर सल्लेच मिळाले आहेत, त्याला न टोकता ऐकून घेणारे वीस कान मिळणे हेच औषध आहे.

हे तीन आठवडे काही बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात नाव सांगून दोनच शब्द म्हणाले, "अनी अल्कोहोलिस्त," आणि गप्प झाले. त्या रात्री बसस्टॉपवर मला म्हणाले, "तो ड्रायव्हर बायकोच्या पर्समधून पैसे काढायचा म्हणाला ना, तसे मीपण काढायचो." मला ते ठाऊक होतेच. पण इतक्या वर्षांत ते मला स्वतःहून पहिल्यांदाच सांगत होते.

मग एका फटक्यात सुटली का? नाही. पहिल्या दीड वर्षात दोनदा घसरले. एकदा तर पुरीमला. मला वाटले, आता तिथे तोंड दाखवायला जागा नाही. गेले, तर तीच खुर्ची आणि तोच चहा. सभासद होण्याची अट एकच आहे: पिणे थांबवण्याची इच्छा. थांबलेलेच असले पाहिजे असे नाही. त्यामुळे घसरलेल्याला काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. कोणाच्या सभासदत्वाची नोंद नाही, वर्गणी नाही, हजेरी नाही. जुना सभासद नव्या माणसाचा सोबती होतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात, आणि रात्री-बेरात्री प्यावेसे वाटले तर त्याला फोन करायचा. आमच्याकडे रात्री दोन वाजता असे फोन यायचे आणि हे अंथरुणात बसून हळू आवाजात तासभर बोलायचे. त्यांच्या स्वतःच्या न पिण्याचे ते इंधन होते, हे मला उशिरा उमजले. ह्यांचा शेवटचा प्याला १९९६ च्या पेसाहच्या आधीचा.

जन्मभर सोडण्याची शपथ तिथे कोणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. शपथा आपण पिणाऱ्याकडून खूप घेतो, सेफेर तोरासमोर, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून. ह्यांनी किती घेतल्या आणि किती मोडल्या, मोजदाद नाही, आणि मोडलेली प्रत्येक शपथ पिण्याला नवे निमित्त देई.

बारा पायऱ्या सगळ्या इथे उलगडत बसत नाही. थोडक्यात त्या अशा जातात: दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करणे, आपल्याहून मोठ्या शक्तीची मदत मागणे, आपल्या आयुष्याचा खरा हिशेब लिहून काढणे, तो देवासमोर, स्वतःसमोर आणि दुसऱ्या एका माणसासमोर वाचणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून भरपाई करणे (मात्र भरपाईने त्यांना नवी इजा होणार असेल तर नाही), आणि शेवटी हा निरोप दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत पोहोचवणे. हे ऐकून तुम्हाला एलुल महिना आठवला असेल. योम किप्पुर माणसाने देवाविरुद्ध केलेले पाप धुतो; माणसाने माणसाविरुद्ध केलेले मात्र, त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज धुतले जात नाही, असे मिश्नात आहे. ह्यांनी यादी केली तेव्हा तीत कारखान्याचा मुकादम होता, माझा भाऊ होता, आणि मुंबईच्या चाळीतला एक शेजारी होता, ज्याचे उसने घेतलेले पैसे आलियाच्या गडबडीत बुडाले होते. त्याला पत्र टाकले. दोन महिन्यांनी त्याच्या मुलाचे उत्तर आले की वडील वारले, पैसे नकोत, पण पत्र घरी सर्वांना वाचून दाखवले.

आपल्यातले जुने लोक मला विचारतात, "बाई, ही गोयीमची प्रार्थनासभा तर नव्हे?" प्रश्न चुकीचा नाही. सुरुवातीला बिल आणि डॉक्टर बॉब एका ख्रिस्ती चळवळीत जात असत आणि पायऱ्यांतले पुष्कळसे तिथून आले. पण १९३९ पर्यंत ए.ए. त्या चळवळीपासून वेगळी झाली, आणि परमेश्वराला प्रत्येकाने आपल्याला समजेल तसे मानावे असे ठरले. परदेशात बऱ्याच सभा चर्चच्या तळघरात भरतात, कारण ती जागा स्वस्तात मिळते. इथे, इस्राएलमध्ये, आमच्या खोलीत किप्पा घातलेले होते, न घातलेले होते आणि देव न मानणारा तो इंजिनियरही होता. रब्बी डॉ. अब्राहम ट्वेर्स्की यांचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. हसिदी घराण्यातले रब्बी, मानसोपचारतज्ज्ञ, १९७२ साली पिट्सबर्गला व्यसनमुक्ती केंद्र काढले आणि २०२१ साली यरुशलेमात वारले. त्यांनी आयुष्यभर ह्या बारा पायऱ्यांचा पुरस्कार केला. त्यांना त्या आपल्या धर्माविरुद्ध वाटल्या नाहीत, तर मला वाटायचे काय कारण?

पायऱ्या एकट्या माणसासाठी असतात, तर गटांनी कसे वागावे ह्याच्या बारा परंपरा आहेत. त्या मागच्या ठेचांवरून आल्या. १८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी अशीच एक संघटना काढली होती, वॉशिंग्टोनियन नावाची. काही वर्षांतच तिला लाखो लोक मिळाले, आणि मग ती दारूबंदीच्या राजकारणात, भाषणबाजीत आणि भांडणांत शिरून विरून गेली. म्हणून ए.ए. कशावरच मत देत नाही. दारूबंदी हवी की नको, निवडणुकीत कोणाला मत द्यावे, कोणते औषध चांगले, काहीच नाही. काम एकच: अजून पिणाऱ्यापर्यंत पोहोचणे. आमच्या मंडळांच्या सभा आठवतात का? अजेंड्यावर मलिदा, आणि भांडण खजिनदाराच्या निवडणुकीवरून! ह्या बाबतीत पिणारे आपल्याहून शहाणे निघाले असे म्हणावे लागते.

पैशाचेही तसेच. सभेच्या शेवटी टोपी फिरते, ज्याला जमेल तो नाणे टाकतो. त्यातून भाडे आणि चहा. बाहेरची देणगी घेत नाहीत. १९३८ साली बिल आणि मंडळी धनाढ्य रॉकफेलर यांच्याकडे मोठ्या रकमेच्या आशेने गेली होती. त्यांनी ५,००० डॉलर दिले आणि पैशाने हे काम बिघडेल अशी शंका घेतली. तेव्हा मंडळी हिरमुसली, पण पुढे तेच आपले धोरण केले.

आता नावाचे. आपला समाज लहान. दीमोनात कोणी शिंकले तर लोदमध्ये 'लाबरिऊत' म्हणतात. त्यामुळे सभेला जा म्हटले की पहिला प्रश्न, "आणि तिथे आपल्यातलं कोणी भेटलं तर?" भेटले तर तोही त्याच कामासाठी आलेला असणार! तिथे कोण दिसले आणि कोण काय बोलले हे खोलीबाहेर न्यायचे नाही, हा नियम सर्वांत कडक पाळला जातो. लाशोन हाराविरुद्ध आपण इतके ऐकतो. ते पाळलेले मी त्या खोलीत पाहिले. दुसरा नियम छापील पानाचा: वर्तमानपत्रात, रेडिओवर, पडद्यावर सभासदाने पूर्ण नाव देऊन मिरवायचे नाही. कोणी मोठा होऊ नये, आणि उद्या तो घसरला तर सभेवरचा विश्वास उडू नये, म्हणून. आमचे हे आता नाहीत, पण त्यांनी पाळलेले मी मोडणार नाही. म्हणून वर नाव नाही. तोंडाने विचाराल तर प्रत्येकाला सांगेन, आणि सांगतेही.

घरच्यांसाठी वेगळ्या सभा आहेत, अल-अनॉन. त्यांचा उगम मला फार आवडतो. बिल सुधारला, रोज सभांना जाऊ लागला, आणि एके दिवशी "चल, सभेला उशीर होतोय" म्हणताच लोइसने चिडून त्याच्या अंगावर बूट फेकला. नंतर तिला प्रश्न पडला, नवरा शुद्धीवर आला तर मला राग कसला येतो? १९५१ साली तिने आणि एका मैत्रिणीने घरच्यांच्या गटांना एकत्र बांधले. मी तिथे सहा वर्षे गेले. पिणे मी सुरू केले नाही, ते मला आवरता येणार नाही आणि बरेही करता येणार नाही, हे तिथे शिकले. कारखान्यात खोटा फोन करणे मी ज्या सकाळी बंद केले, त्या सकाळी ह्यांची नोकरी जाण्याची वेळ आली. मी स्वयंपाकघरात उभी राहून थरथरत होते. ते स्वतः गेले आणि मुकादमाशी बोलले. पुढच्या आठवड्यात आम्ही पहिल्या सभेला गेलो.

ज्यांची मुले, जावई, नातू पितात, अशा आजी-आजोबांना एक विचारते. बितुआख लेउमीच्या पेन्शनमधून त्याला तुम्ही "भाड्यासाठी" किती देता? भाडे त्याने शेवटचे कधी भरले?

आणि आपल्यात स्वतः पिणारे नाहीत असे थोडेच आहे. पेन्शन लागली, जोडीदार गेला, मुले मरकाझला राहायला गेली, आणि संध्याकाळचा एक पेग तिनावर गेला. म्हातारपणी शरीरात पाणी कमी होते, म्हणून तेवढीच दारू जास्त चढते. झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, मधुमेहाची औषधे ह्यांच्याशी तिचे वैर आहे. पडून खुब्याचे हाड मोडणे, विसरभोळेपणा, चिडचिड, ह्यांना आपण वयाच्या नावावर खपवतो. डॉक्टरने विचारले तर खरा आकडा सांगा.

एक इशारा ठळक अक्षरांत वाचावा. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत कंप, घाम, भास, आकडी येऊ शकते आणि प्राणही जाऊ शकतो. आधी कुपत होलीम, मग सभा. ए.ए. म्हणजे इस्पितळ नव्हे, आणि सभेतल्या कोणाच्या सांगण्यावरून मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

ह्याचा उपयोग होतो का? २०२० साली अशा २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक लोकांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्या उपचारांत रोग्याला पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवले, तिथे एका वर्षानंतर अजिबात न पिणारे सुमारे ४२ टक्के निघाले; इतर मान्य उपचारांत सुमारे ३५ टक्के. म्हणजे चमत्कार नाही. निम्म्याहून अधिक लोकांना पुन्हा प्रयत्न करावा लागतो. आमच्या खोलीतला तो मोरोक्कन ड्रायव्हर चार वर्षांनी घसरला तो परत आलाच नाही. त्याच्या लेवायाला आम्ही दहा जण होतो.

किद्दुशचे काय, हा प्रश्न राहिला. द्राक्षाच्या रसावर किद्दुश चालतो, पेसाहचे चार प्यालेही चालतात. आणि आपल्या आज्या कोकणात काय करत होत्या? काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून सरबत करायच्या आणि त्यावर शब्बातचा किद्दुश व्हायचा. आमच्या घरी १९९६ पासून तेच आहे. नातवंडांना ते बाटलीतल्या रसापेक्षा आवडते.

ज्यांना हिब्रू जड जाते त्यांच्यासाठी: मुंबईत ए.ए. १९५७ साली सुरू झाली आणि आज महाराष्ट्रात मराठीतून पुष्कळ सभा भरतात. पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण काढले, तिथेही सभांना मोठे स्थान आहे. करोनापासून काही मराठी सभा फोनच्या पडद्यावरही होतात. भारतातले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच. नातवाला सांगा, तो लावून देईल. आणि नातवापासून लपवायचे असेल तर शेजारच्या नातवाला सांगा.

इथली सभा शोधायची तर कुटुंबाच्या डॉक्टरला किंवा नगरपालिकेच्या रेवाहा खात्यातल्या समाजसेविकेला विचारावे. हिब्रू, रशियन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सभा आहेत. पहिल्यांदा जाताना खुली सभा आहे का ते विचारून घ्यावे. बोलायची सक्ती नाही, नुसते बसले तरी चालते. चष्मा मात्र बरोबर न्यावा, भिंतीवरचा कागद बारीक अक्षरांचा असतो. आणि परतीची बस किती वाजता आहे ते आधी पाहून ठेवावे, कारण सभा संपल्यावर लोक लवकर उठत नाहीत.